वाढत्या वयाची मुले आणि त्यांचा व्यायाम

(बालाघाट येथे पालक व शिक्षक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



पहाटे पाच वाजता या गावच्या मैदानावर जे दृश्य दिसते, ते आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. फौजेच्या आणि पोलिसांच्या भरतीची तयारी करणारे अठरा-वीस वर्षांचे तरुण तेथे धावत असतात. सोळाशे मीटरची दौड, मग दंड-बैठका, मग लोखंडी दांडीला लोंबकळणे, असा त्यांचा क्रम असतो. त्यात वावगे काहीच नाही. ज्याला पोटाची भाकर मिळवायची आहे त्याने घाम गाळलाच पाहिजे. परंतु त्यांच्या मागोमाग, कुणी अनवाणी, कुणी थोरल्या भावाचे ढगळ बूट चढवून, तेरा-चौदा वर्षांची पोरेही धावत असतात. त्यांतल्या एकाला आम्ही एके दिवशी थांबवून विचारले, "काय रे बाबू, तू कोणत्या भरतीला निघालास?" धापा टाकीत तो म्हणाला, "भरतीला नाही जी, उंची वाढवून राहिलो."

त्या उत्तराने आम्हांला हसू आले नाही. पुढे चार दिवसांनी त्याच वयाच्या दुसऱ्या एका मुलाची आई त्याला घेऊन आमच्याकडे आली. "डॉक्टरसाहेब, याच्या बरोबरीचे सारे वर गेले, हा मात्र वाढूनच नाही राहिला जी. कोणते टॉनिक असेल तर लिहून द्या." मुलगा खाली मान घालून बसला होता. आईच्या पिशवीत बाजारातून आणलेला पावडरीचा एक डबा होता आणि त्यावर उंच, रुंद छातीच्या गोऱ्यापान तरुणाचे चित्र होते. त्या डब्याला तिने किती मजुरीचे दिवस मोजले असतील, याचा हिशेब आम्ही मनातल्या मनात केला. आज आपणांसमोर बोलण्यास आम्ही उभे आहोत ते त्या आईसाठी आणि त्या मुलासाठी.

मुलांच्या वाढीविषयी आपल्या समाजात एक फार मोठा गैरसमज आहे. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणारी मुले एकाच वेगाने वाढली पाहिजेत, असे आपण गृहीत धरतो. शाळेचे हजेरीपुस्तक जन्मतारखेवर चालते. शरीराचे पुस्तक तसे चालत नाही. मुलींमध्ये वयात येण्याची पहिली चिन्हे आठव्या वर्षापासून तेराव्या वर्षापर्यंत केव्हाही दिसू शकतात, आणि मुलांमध्ये नवव्यापासून चौदाव्यापर्यंत. हा पाच वर्षांचा पल्ला निरोगी मुलांचा आहे, आजाऱ्यांचा नव्हे. सातवीच्या वर्गात एका मुलाला मिसरूड फुटलेली असते आणि शेजारच्या मुलाचा आवाज अजून बारीकच असतो. दोघांच्या उंचीत पंधरा-वीस सेंटिमीटरांचे अंतर असते, तरीही दोघेही पूर्णपणे ठीक असू शकतात. पाच-सहा वर्षांनंतर कदाचित धाकटा दिसणाराच दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून उभा राहील.

ही गोष्ट जगाला फार जुन्या काळी कळलेली नाही. फ्रान्समध्ये माँबेयार नावाच्या एका गृहस्थाने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची १७७७ पर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षे, नियमाने मोजून ठेवली. बाळपणी झपाट्याने, मग संथ आणि किशोरवयात पुन्हा एकदा उसळी घेऊन मूल वाढते, हे त्या एका बापाच्या चिकाटीने कागदावर उतरले. पुढे विसाव्या शतकात इंग्लंडमधील जेम्स टॅनर या शास्त्रज्ञाने हार्पेंडन येथील मुलामुलींची वर्षानुवर्षे मोजमापे घेतली आणि १९५५ साली किशोरवयीन वाढीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात वयात येण्याच्या पायऱ्या निश्चित केल्या. आजही जगभरचे डॉक्टर त्या पायऱ्यांना त्याचेच नाव देतात. मुलाचे वय किती हे विचारण्यापेक्षा ते कोणत्या पायरीवर आहे हे विचारा, हे त्याच्या कामाचे सार आहे.

ही उसळी मुलींमध्ये साधारण बाराव्या वर्षी आणि मुलांमध्ये साधारण चौदाव्या वर्षी कळसाला पोहोचते. त्या एका वर्षात मुलगी आठ-नऊ आणि मुलगा नऊ-दहा सेंटिमीटर वाढू शकतो. म्हणूनच सहावी-सातवीत मुली मुलांपेक्षा उंच दिसतात. त्यावरून मुलीला 'ताडमाड' म्हणून आणि मुलाला 'बुटका' म्हणून हिणवणारे शहाणे प्रत्येक आळीत असतात. त्यांच्या शहाणपणाला दोन वर्षांनी आपोआपच उत्तर मिळते. या काळात आधी पंजे आणि पावले वाढतात, मग पाय लांब होतात आणि धड सर्वांत शेवटी. जोडा तीन महिन्यांत आखूड झाला म्हणून बाप चिडतो, पण तो जोडा उसळीची वर्दी देत असतो. हातपाय लांब झाले आणि स्नायूंना अजून त्यांची सवय झाली नाही, म्हणजे मुलगा चालताना ठेचकाळतो, हातातला पेला पाडतो, काल सहज घेतलेला झेल आज सोडतो. त्याला 'धांदरट' म्हणून रागावण्यात काय हशील?

आता उंचीचा प्रश्न. मूल किती उंच होईल हे मुख्यतः आईबापांच्या उंचीवरून ठरते, आणि त्याचा अंदाज कुणालाही घरी करता येतो. आईची आणि बापाची उंची मिळवावी. मुलगा असेल तर त्यात तेरा सेंटिमीटर घालावेत, मुलगी असेल तर तेरा वजा करावेत, आणि येणाऱ्या आकड्याचे निम्मे करावे. बाप १६५ सेंटिमीटरांचा आणि आई १५२ ची असेल, तर मुलगा १६५ च्या आसपास आणि मुलगी १५२ च्या आसपास जाईल. आठ-साडेआठ सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे, ही निसर्गाची मोकळीक धरावी. दांडीला लोंबकळल्याने हा हिशेब बदलत नाही. डब्यातल्या पावडरीने तर मुळीच बदलत नाही.

काही घराण्यांत मुले उशिरा वयात येतात. बापाला विचारावे, "तुम्हांला मिसरूड केव्हा फुटली?" पुष्कळदा उत्तर येते, "दहावी झाल्यावर." मग मुलाच्या उशिराचे कोडे तेथेच सुटते. उपरोक्त आईला आम्ही हाच प्रश्न विचारला, तेव्हा ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "याचे बाबा लग्नापर्यंत वाढत होते जी." मुलाने तेव्हा प्रथमच मान वर केली.

वयात येताना शरीरात ज्या घडामोडी होतात, त्यांच्याविषयी घरात कुणी बोलत नाही, आणि मग मुले आपल्याच मनाशी भलतेसलते तर्क बांधीत बसतात. वयात येणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलग्यांच्या छातीवर काही काळ गाठीसारखा फुगवटा येतो, तो दुखतोही. एक-दोन वर्षांत तो बहुधा आपोआप विरतो. पण तेवढ्यात तो मुलगा वैनगंगेवर पोहायला जाणे सोडतो, सदरा काढावा लागेल म्हणून कबड्डीचे मैदान सोडतो आणि कुणालाच कारण सांगत नाही. बापाचे एक वाक्य, "अरे, हे पुष्कळांना होते, जाते," एवढ्यावर तो पुन्हा मैदानावर येऊ शकतो.

मुलींची गोष्ट याहून बिकट आहे. पाळी सुरू झाली की मुलीची लंगडी बंद, खो-खो बंद, सायकलही बंद, असा कित्येक घरांतला रिवाज आहे. पहिली एक-दोन वर्षे पाळी मागेपुढे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. आणि त्या दिवसांत खेळल्याने कोणतेही नुकसान होत नाही, पोट दुखत असेल तर तिने आपल्या मर्जीने विसावा घ्यावा एवढेच. पाळी आल्यानंतर मुलीची उंची फारशी, म्हणजे बहुधा पाच-सात सेंटिमीटरांपलीकडे, वाढत नाही, हे खरे. परंतु उंची थांबली म्हणजे वाढ संपली नव्हे. कटीची हाडे त्यानंतरही काही वर्षे रुंदावत असतात आणि हाडांचा भक्कमपणा तर खेळण्या-धावण्यातूनच येतो. 'पोरगी मोठी झाली' असे म्हणून जे तिच्या लग्नाची बोलणी सुरू करतात, त्यांनी २००६ च्या कायद्यातली अठरा वर्षांची मर्यादा तर ध्यानात घ्यावीच, पण हाडांची ही साक्षही ऐकावी.

सारेच फरक निरुपद्रवी असतात असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. मुलीच्या बाबतीत तेराव्या वर्षापर्यंत वयात येण्याचे काहीच चिन्ह नसेल किंवा पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नसेल. मुलाच्या बाबतीत चौदाव्या वर्षापर्यंत काहीच बदल नसेल. उलटपक्षी मुलीला आठच्या आत किंवा मुलाला नवाच्या आत चिन्हे दिसू लागली असतील. किंवा मूल वर्षाला चार-पाच सेंटिमीटरसुद्धा वाढत नसेल, तर ते डॉक्टरला दाखविलेच पाहिजे. डॉक्टर कदाचित डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढील. हाडांच्या टोकांशी कूर्चेची जी पट्टी असते, तिच्यावरून हाडांचे वय कळते. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालील खेळाडूंचे खरे वय तपासण्यासाठी हाच एक्स-रे वापरते, हे क्रीडाप्रेमींना ठाऊक असेल.

आणि आपल्या प्रदेशात आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक करून चालणार नाही. सिकलसेल! वैनगंगेच्या दोन्ही काठांवर, इकडे बैहरच्या डोंगरपट्टीत आणि तिकडे गोंदिया-भंडाऱ्यापासून थेट गडचिरोलीपर्यंत, हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघर हिंडतो. त्याला राज्यांची हद्द ठाऊक नाही. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ सालीच मध्य भारतातील या दोषाची नोंद जगापुढे ठेवली होती. त्याच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली ती १ जुलै २०२३ रोजी, याच राज्यातल्या शहडोल येथे. मधल्या पासष्ट वर्षांत किती मुले 'अंगात वारे शिरले' म्हणून तळमळली असतील, त्याची गणती कुणी ठेवली नाही.

हा आजार असलेली मुले उशिरा वाढतात, उशिरा वयात येतात, त्यांचे डोळे पिवळसर दिसतात, सांधे आणि हाडे ठणकतात. 'घराण्यातच उशीर आहे' म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे म्हणजे रोगाला मोकळे रान देणे होय. तपासणी रक्ताच्या चार थेंबांची आहे. दोष एकाच पालकाकडून आला असेल तर मूल केवळ वाहक असते, ते बहुधा इतरांसारखेच खेळू शकते; दोन्हींकडून आला असेल तर ते रुग्ण असते, आणि त्याच्यासाठी नेमाने घ्यायची औषधे आज उपलब्ध आहेत. व्यायामाच्या संदर्भात हे यासाठी सांगावयाचे की, रणरणत्या उन्हात, पाणी न पिता, दम तुटेपर्यंत धावणे हे सिकलसेलच्या मुलाला जिवावर बेतू शकते, आणि वाहकालाही क्वचित धोका संभवतो. ज्या मास्तरांनी मागे पडलेल्या मुलाला शिक्षा म्हणून आणखी चार फेऱ्या घालायला लावल्या असतील, त्यांनी यापुढे आधी त्याचे डोळे पाहावेत.

रक्तक्षयाची कथा तशीच. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलग्यांपैकी ३१ टक्के रक्तक्षयी आढळले. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी कित्येक मुले शौचालयाच्या खिडकीतून फेकतात, हे आम्ही ऐकून आहो. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते, एवढे सांगितले तरी ती पोटात जाईल.

तर मग व्यायाम कोणता आणि किती? जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे की, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे श्रम हवेत. साठ मिनिटे ऐकून कुणी दचकू नये. शाळेला सायकलने जाणे-येणे, सुट्टीतली लगोरी, संध्याकाळचा खो-खो, एवढ्यात ती भरतात. रोवणीच्या दिवसांत जो मुलगा दिवसभर चिखलात वाकून आईबापांना हात लावतो, त्याला संध्याकाळी आणखी दंड काढावयास सांगणे हा जुलूम आहे. त्याला पोटभर जेवण आणि झोप द्या.

वजने उचलल्याने उंची खुंटते, असे आपले वाडवडील म्हणत. ते तसे नाही. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, बेताने केलेल्या बळाच्या व्यायामाने उंची खुंटत नाही, हे आता पुरते सिद्ध झाले आहे. परंतु वाडवडिलांच्या भीतीत एक सत्य दडलेले होते. मघाशी सांगितलेली कूर्चेची पट्टी हाडाचा सर्वांत नाजूक भाग असते. जास्तीत जास्त वजन एकदाच उचलून दाखविण्याची पैज, वाकड्या पाठीने मारलेला झटका, यांनी तिला इजा होऊ शकते. म्हणून या वयात आधी आपल्याच अंगाचे वजन पेलावे. पुढे वजने घ्यावयाची झाली तर दहा-पंधरा वेळा सावकाश, न डगमगता उचलता येईल एवढेच घ्यावे, आणि एक दिवस केला तर दुसरा दिवस सोडावा. आठवड्याचा निदान एक दिवस संपूर्ण विसाव्याचा. एकाच खेळाची तालीम करणाऱ्याने मुलाच्या वयाची जितकी वर्षे, तितक्या तासांहून अधिक वेळ आठवड्यात त्या खेळाला देऊ नये, असा एक सोपा अडाखा आहे. तेरा वर्षांच्याला तेरा तास पुष्कळ झाले.

सूर्यनमस्कार आपल्याला परके नाहीत. मध्यप्रदेशातील शाळांत दरवर्षी १२ जानेवारीला ते सामुदायिक रीतीने घातले जातात. तेराव्या तारखेला ते का विसरले जातात, हा प्रश्न आम्ही गुरुजनांवर सोपवितो. मल्लखांब तर बाळंभटदादा देवधरांपासूनची आपली विद्या, आणि २०१३ पासून या राज्याचा राजकीय मान्यतेचा खेळ. त्यात अंगाने हलका मुलगाच चमकतो. कबड्डीच्या कनिष्ठ गटांत वजनाची मर्यादा असते, कुस्तीत तर जोडच वजनाची लावतात. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक आणले ते बँटमवेट या हलक्या गटात. मग शाळेच्या मैदानावरच आपण मिसरूड फुटलेल्याच्या पुढे कोवळ्याला उभे करून 'खेळ की!' असे का ओरडतो? संघ पाडताना जन्मतारीख बाजूला ठेवून अंगापिंडाने जोड्या लावाव्यात, हे काम मास्तरांना पाच मिनिटांचे आहे.

उन्हाविषयी वेगळे सांगावयास नको. बालाघाटचा वैशाख आपण सोसतोच. त्या दिवसांत खेळ सकाळी सातच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. सुट्टीनंतर खेळ सुरू करताना पहिला आठवडा-दीड आठवडा हलकाच ठेवावा, शरीराला उन्हाची सवय होऊ द्यावी. दर वीस मिनिटांनी पाणी, तहान लागो वा न लागो.

गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या टोकाशी, धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांना एक दुखरा उंचवटा येतो. वाढत्या हाडाला स्नायूंची ओढ सहन होत नाही म्हणून तो येतो. काही आठवडे उड्या आणि दौड कमी केली की कळ ओसरते. वाढ पुरी झाली की प्रश्न संपतो. मात्र रात्री झोपेतून उठविणारी एकाच जागची वेदना, सूज, ताप, लंगडणे, किंवा धावताना छातीत दुखणे आणि घेरी येऊन पडणे, यांपैकी काहीही दिसले तर तेलमालिशीत दिवस घालवू नयेत. तडक दवाखाना.

आता शेवटची आणि सर्वांत कठोर बोलावयाची गोष्ट. व्यायामशाळांच्या आडोशाने या वयाच्या मुलांना पिळदार होण्यासाठी इंजेक्शने आणि गोळ्या विकणारे लोक आहेत. पुरुषी संप्रेरकासारखी ती द्रव्ये कूर्चेच्या पट्ट्या अकाली बंद करून टाकतात. म्हणजे जो मुलगा उंच होण्यासाठी आणि भरतीसाठी सुई टोचून घेतो, त्याची उंची त्या सुईनेच कायमची अडते. ज्या पोराकडे वाढीची चार वर्षे शिल्लक होती, त्याची ती चार वर्षे विकत घेऊन कचऱ्यात टाकणाऱ्या या व्यापाराला कोणत्या नावाने संबोधावे? पावडरीचा डबा त्या मानाने निरुपद्रवी, पण त्याच पैशांत घरात वरण-भात, अंडी, फुटाणे, शेंगदाणे आणि जवसाची चटणी महिनाभर येते, आणि ज्या प्रथिनांची जाहिरात डब्यावर असते ती त्यात भरपूर असतात.

त्या आईने डबा परत नेला, की आम्ही घ्यावा म्हणून आमच्याच मेजावर ठेवला, ते आता नीटसे आठवत नाही. मुलाची रक्ततपासणी करविली, ती निर्दोष निघाली. सहा महिन्यांनी पुन्हा उंची मोजण्यास बोलाविले, तेव्हा तो तीन सेंटिमीटर वाढला होता, आणि आवाज किंचित फुटला होता.

सभागृहाबाहेर ओसरीच्या भिंतीला मोजपट्टी लावलेली आहे. ज्यांनी मुलांना बरोबर आणले आहे त्यांनी जाताना त्यांची उंची मोजून न्यावी. जोडे काढून, टाचा भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून उभे करावे आणि डोक्यावर वहीचा पुठ्ठा आडवा धरावा. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी, आणि पुढची खूण तीन महिन्यांच्या आत करू नये. रोज रोज मोजल्याने केवळ मुलाचा जीव टांगणीला लागतो. ज्या मुलींना मोजून घ्यावयास संकोच वाटेल, त्यांच्यासाठी आतल्या खोलीत आमच्या भगिनी बसल्या आहेत.